पंचक्रोशीतलं घर

काचेची एक रिकामी बरणी घ्या. जिथे घर बांधायचं मनात आहे, त्या जागेची वरची फूटभर, मुळ्या-पाल्याची माती बाजूला सारा. खालची माती काढून बरणीचा तिसरा हिस्सा भरा, वर पाणी ओता, चिमूटभर मीठ टाका, झाकण घट्ट लावून खूप हलवा आणि बरणी खिडकीत ठेवून द्या. मिनिटाभरात तळाशी वाळू बसेल. अर्ध्या तासात तिच्यावर गाळाचा थर दिसू लागेल. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत सावकाश खाली येत राहील. आता पट्टीने थर मोजा. या मातीच्या विटा पाडता येतील का, तिच्यात वाळू मिसळावी लागेल का, की घर बांधायला ती घेऊच नये, याचा पहिला अंदाज तुमच्या हातात आलेला असतो. खर्च काहीच नाही.

पर्यावरणाला जपणारं घर हवं असं ठरलं की माणसं बहुधा बाजारापासून सुरुवात करतात. कोणते ब्लॉक घ्यावेत, कोणता रंग, कोणत्या कंपनीचं सोलर? माझं सांगणं असं आहे की शोध जागेपासून सुरू करावा आणि एकेक पाऊल बाहेर पडत जावं. आधी माती, ऊन, पाऊस. मग आसपासची घरं आणि ती बांधणारे हात. मग जवळ मिळणारं साहित्य. त्यानंतर दूरच्या संस्था, सरकारी नियम आणि योजना. बाजार सगळ्यात शेवटी. घराच्या प्रत्येक वस्तूवर दोन ओझी असतात, भट्टीत भाजल्याचं आणि ट्रकमधून वाहून आणल्याचं. जवळचं आधी पाहिलं की दुसरं ओझं उतरतंच, आणि पुष्कळदा पहिलंही हलकं होतं.

पाच मैलांची अट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉरी बेकर नावाचा एक तरुण इंग्रज वास्तुविशारद मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत मुंबईत अडकून पडला होता. त्या मुक्कामात त्याची महात्मा गांधींशी भेट झाली. आदर्श खेड्यातलं आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून उभं राहावं, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी तिथे ऐकला आणि तो त्यांच्या मनात रुजला. मायदेशी जाऊन बेकर भारतात परतले ते कायमचे. पुढे केरळमध्ये त्यांनी शेकडो घरं बांधली, १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००७ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये त्यांचं निधन झालं.

ही अट गांधीजींनी स्वतःलाही लावून घेतली होती. १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले, तेव्हा निवासाचा खर्च ५०० रुपयांच्या वर जाऊ नये आणि साहित्य व मजूर स्थानिकच असावेत असं त्यांनी बजावलं होतं. बापू कुटी आजही उभी आहे. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड, वर कौलं. वैशाखातल्या दुपारी तिथे जाऊन बसावं. वर्ध्याचा उन्हाळा काय असतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या मातीचं मोल शब्दांत सांगावं लागत नाही.

आपल्या भाषेत याच विचाराचा एक शब्द आधीपासून आहे: पंचक्रोशी. लग्नाचं स्थळ, बाजार, जत्रा, पाहुणे हे सगळं जिथे सापडायचं तो परिघ. घरही तिथेच सापडायचं. कोकणात जांभ्याचा चिरा, देशावर काळा पाषाण, मराठवाडा-सोलापूरकडे पांढरीच्या मातीचं माळवद. आज पाच मैलांची अट तंतोतंत पाळणं अवघड आहे, शहरात तर अशक्य. पण प्रत्येक वस्तू घेताना ‘ही आणखी जवळ मिळेल का?’ हा प्रश्न विचारणं कुणालाही शक्य आहे.

जागेला आधी विचारा

मातीपासून सुरुवात झालीच आहे. दाबून केलेल्या मातीच्या विटांसाठी साधारण निम्मी वाळू आणि पाचवा हिस्सा चिकणमाती असलेली माती उत्तम मानतात. अशा मातीत वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास सिमेंट मिसळून, यंत्रात दाबून, पुढचे काही आठवडे ओली ठेवून वीट तयार होते. भट्टी लागत नाही. काळी माती मात्र पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून ती विटेला चालत नाही. पायाही तिच्याखालच्या मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यावा लागतो. तांबडी माती आणि मुरूम मिळाला तर नशीब समजावं.

मग ऊन. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर एक दिवस भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. उन्हाळ्यात घर तापवण्यात छपराचा वाटा किती मोठा, हे त्या काठीकडे पाहून कळतं. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपास राहतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर योग्य रुंदीचा सज्जा काढला की उन्हाळ्याचं ऊन अडतं आणि थंडीतलं कोवळं ऊन आत येतं. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं, कोणत्याही सज्ज्याखालून शिरणारं. त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली, पडवी किंवा झाड असावं. आपल्या जुन्या घरांच्या ओसऱ्या-पडव्यांमागे हाच हिशेब होता. कोकणात तर पावसाळ्याआधी भिंतींना नारळाच्या झापांचा आडोसा करत, कारण तिथे पाऊस आडवा मारतो.

पावसाचं गणित तर तोंडी करता येतं. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे पुण्यात पडतो जवळपास तितका, तर ७० हजार लिटर पाणी होतं. उडून आणि वाहून जाणारं वजा जाता ५६ हजार लिटर हाती लागतं. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी माप धरलं तरी चौघांच्या घराला ते शंभर दिवस पुरेल. हे पाणी टाकीत साठवावं की जमिनीत मुरवावं, हे खालच्या खडकावर अवलंबून आहे. त्यासाठी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे आणि तिची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. बोअर मारण्यापूर्वी तिथे एक चक्कर जरूर टाकावी.

हात कुठे सापडतात?

पुस्तकं आणि तक्ते नंतर. आधी आपल्या परिसरातली पन्नास-साठ वर्षं उभी असलेली पाच घरं पाहा आणि घरमालकांना तीनच प्रश्न विचारा. हे कुणी बांधलं? दुरुस्ती कोण करतं? पावसात कुठे गळतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगी. जुना गवंडी सापडला तर त्याच्यासोबत दिवसभर फिरा. चुना किती दिवस भिजवायचा, कोणत्या खाणीचा चिरा पावसात झिजतो, कोणत्या विहिरीचं पाणी कामाला खारं पडतं, हे ज्ञान त्याच्या बोटांत असतं आणि बहुधा त्याच्याबरोबरच जातं.

वास्तुविशारद निवडतानाही कसोटी हीच. नव्या घराचे फोटो सगळेच सुंदर काढतात. त्यांनी बांधलेलं दहा वर्षांपूर्वीचं घर पाहायला मागा, आणि पाहायला जुलैत जा. भिंतीच्या तळाशी ओल आहे का, वाळवी लागली का, घरातली माणसं त्या घरावर खूश आहेत का, हे तिथे अर्ध्या तासात कळतं.

कौशल्यच जवळ नसेल तर ते मिळवता येतं. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये १९८९ पासून अर्थ इन्स्टिट्यूट मातीच्या बांधकामाचं प्रशिक्षण देते. तिरुवनंतपुरमजवळ विलप्पिलशाला इथे बेकर यांच्या नावाचं केंद्र कार्यशाळा घेतं. बेकर यांच्याच सहभागातून १९८५ साली सुरू झालेली ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था केरळभर कमी खर्चाची घरं बांधते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ‘अस्त्र’ हा गट उभा राहिला आणि दाबलेल्या मातीच्या विटांवर तिथे मोलाचं संशोधन झालं. भूजची हुन्नरशाला २००१ च्या भूकंपानंतर कारागिरांच्या हातांना मान देत उभी राहिली. आपल्याकडे वर्ध्याचं सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस आहे. कुंभाराने चाकावर घडवलेली शंकूच्या आकाराची कौलं एकमेकांत अडकवून कमानदार छत उभारायची पद्धत तिथे विकसित झाली. मेळघाटात लवादा इथलं संपूर्ण बांबू केंद्र आणि कुडाळचं ‘कॉनबॅक’ बांबूचं काम शिकवतात आणि करतातही.

प्रशिक्षणाला एकटे जाऊ नका. तुमच्या गावच्या तरुण गवंड्यालाही सोबत न्या आणि त्याची त्या दिवसांची मजुरी द्या. तुमचं घर एकदाच बांधून होईल, तो मात्र पुढची तीस वर्षं बांधत राहील.

साहित्याची पारख

सिमेंट पूर्ण टाळणं आज फारसं शक्य नाही, पण ते कुठे आणि किती लागतं हे समजून घेणं आपल्या हातात आहे. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की दगडातच बांधलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. भट्टीच्या कोळशाचा धूर त्याखेरीज. म्हणूनच औष्णिक वीजकेंद्रांची राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट बरं. त्यात १५ ते ३५ टक्के राख असते आणि तेवढा भाजलेला चुनखडक वाचतो. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, नाशिकजवळचं एकलहरे अशा वीजकेंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांना राखेच्या विटाही जवळ मिळतात. तिथे त्या घ्याव्यात. सिंधुदुर्गातल्या माणसाने मात्र त्या मागवण्याऐवजी दारातला चिरा पाहावा.

विटाच वापरायच्या तर कमी वापरता येतात. बेकर यांनी रुजवलेल्या ‘रॅट-ट्रॅप’ पद्धतीत विटा आडव्या न घालता कडेवर उभ्या लावतात. भिंत तेवढीच जाड राहते, पण आत पोकळी राहिल्यामुळे सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात, आणि पोकळीतली हवा उन्हाची धग आत येऊ देत नाही. स्लॅबचंही तसंच. स्लॅबच्या खालच्या भागातला ताण लोखंडी सळया पेलतात, तिथलं काँक्रीट जवळपास नुसतं भरावाचं काम करतं. त्या जागी सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौलं ठेवली की काँक्रीट वाचतं, स्लॅब हलका होतो आणि खालून पाहताना कौलांची सुंदर नक्षी दिसते. वर चायना मोझॅकचे पांढरे तुकडे किंवा चुन्याचा हात दिला की ऊन परतवलं जातं. या गोष्टींना महागडं यंत्र लागत नाही, लक्ष देऊन काम करणारा गवंडी लागतो.

बांबूची पारख वेगळी. विदर्भातला मानवेल, कोकणातला जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा माणगा, या बांधकामाला चांगल्या जाती. पण कापल्याबरोबर वापरलेल्या बांबूला किडे लागतातच. बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला बांबूच घ्यावा, आणि तो पावसापासून व जमिनीच्या ओलीपासून दूर राहील असा बसवावा.

जुन्या लाकडाचा शोध हा या सगळ्यातला आनंदाचा भाग. वाडे पडतात तेव्हा दारं, तुळया, खांब, गज बाजारात येतात. त्या सागवानाने शंभर पावसाळे पाहिलेले असतात. ते आता पिळणार नाही की वाकणार नाही. मात्र दारं-खिडक्या आधी मिळवा आणि भिंतीतल्या जागा त्यांच्या मापाने ठेवा. उलट केलंत तर तासण्यात निम्मं लाकूड वाया जाईल.

किल्लारी विसरायची नाही

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मराठवाड्यातल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. ती मुख्यतः दगड-मातीच्या घरांखाली गेली. भिंती जाडजूड होत्या, पण बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन थर सुटे होते. ते बांधून धरणारे आरपार दगड नव्हते. वर मातीचं जड माळवद होतं आणि गळती थांबवायला त्याच्यावर वर्षानुवर्षं माती चढत गेली होती. हादरा बसताच भिंती फुगल्या आणि कोसळल्या.

यातून माती वाईट असा निष्कर्ष निघत नाही. जुनं ते सगळं आपोआप सुरक्षित, असाही निघत नाही. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड, कोपऱ्यांना घट्ट जोड, जोत्याशी, खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग फिरणारा पट्टा, हलकं छप्पर: एवढं केलं तर तीच माती आणि तोच दगड माणसाला जपतात. मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेसाठी आयएस १३८२७ आणि कमकुवत दगड-विटांच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ ही भारतीय मानकं किल्लारीच्याच वर्षी निघाली. मातीच्या स्थिर विटांसाठी आयएस १७२५ आहे. भारतीय मानक ब्यूरोची मानकं आता विनामूल्य मिळतात. ती छापून गवंड्यासोबत, अभियंत्यासोबत बसून वाचा. आपल्या जिल्ह्याला भूकंप, पूर, वादळ यांचा किती धोका आहे हे केंद्र सरकारच्या बीएमटीपीसी या संस्थेने काढलेल्या नकाशांच्या ॲटलासमध्ये दिसतं. पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या घराने आधी आतल्या माणसांची काळजी घेतली पाहिजे.

तयार घर घेणाऱ्यांसाठी

शहरातल्या बहुतेकांच्या वाट्याला जमीन येत नाही, फ्लॅट येतो. त्यांनी निराश होऊ नये. उभ्या, भक्कम इमारतीतला जुना फ्लॅट नीट दुरुस्त करून राहणं हा मोठाच पर्यावरणपूरक निर्णय आहे, कारण त्याचं सिमेंट, वाळू, लोखंड सगळं आधीच खर्ची पडलेलं असतं. शाळा, कामाचं ठिकाण, बस किंवा लोकल चालत गाठता आली, तर गाडीचं रोजचं पेट्रोलही त्याच हिशेबात वाचतं.

नवं घेताना जाहिरातीतल्या हिरव्या रंगापेक्षा कागद पाहा. भारतात ‘गृह’ आणि आयजीबीसी ही दोन मानांकनं प्रचलित आहेत. पहिलं एक ते पाच तारे देतं, दुसरं सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या. आराखड्याच्या टप्प्यावरचं पूर्वप्रमाणपत्र आणि इमारत पूर्ण झाल्यावरचं अंतिम मानांकन यांत फरक असतो. तुम्ही अंतिमबद्दल विचारा आणि ते मानांकन देणाऱ्या संस्थेकडे पडताळून घ्या. असं विचारण्याचा तुम्हाला नैतिक हक्कही आहे. मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता राज्यभर लागू असलेल्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतीला मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव क्षेत्र मिळतं. समाजाने बिल्डरला ही सवलत दिली आहे, तेव्हा तिचा मोबदला इमारतीत दिसला पाहिजे.

महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या नोंदीत प्रकल्पाचे मंजूर नकाशे मिळतात. त्यात तुमच्या फ्लॅटची दिशा पाहा. झोपायच्या खोलीला पश्चिमेची मोठी काच असेल तर पुढची तीस वर्षं एसीचं बिल भरायची तयारी ठेवा. घराच्या भिंती आणि खिडक्यांतून किती उष्णता आत यावी यासाठी २०१८ साली ‘इको निवास संहिता’ आली. तिने ही मर्यादा बहुतांश हवामानांत चौरस मीटरला १५ वॅट ठेवली आहे. तुमच्या इमारतीचा आकडा किती, हे विचारा. उत्तर देता येणारा माणूस समोर असेल तर निम्मी परीक्षा पार पडली.

उरलेली निम्मी परीक्षा त्याच बिल्डरच्या जुन्या सोसायटीत घ्यायची. तिथल्या सेक्रेटरीला भेटा. सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र रोज चालतं का? ते पाणी संडासाला, बागेला फिरतं का? एप्रिलमध्ये टँकर किती येतात? ओला कचरा कुठे जातो? गच्चीवरचं सोलर चालू आहे की त्यावर कपडे वाळतात? माहितीपत्रकात न सापडणारं सगळं इथे सापडेल.

पैशाचा हिशेब

विजेपुरतं सांगायचं तर वाट सोपी झाली आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, आणि ३ किंवा अधिक किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपयांचं अनुदान ठरलं. १ किलोवॅटला सावली नसलेली शंभरेक चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पण पॅनेलआधी पंखे बदला. ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटच्या आसपासचा बीएलडीसी बसवला की निम्म्याहून जास्त वीज वाचते, आणि न वापरलेली वीज सगळ्यात स्वच्छ.

बांधकामात मात्र ‘मातीचं घर म्हणजे स्वस्त’ असं गृहीत धरू नका. माती फुकट असली तरी तिला हात लागतात आणि हातांना मजुरी लागते. खर्च तेवढाच झाला तरी तो कारखान्याकडे जाण्याऐवजी पंचक्रोशीतल्या घरांत जातो, हे माझ्या लेखी या घराचं सगळ्यात मोठं श्रेय आहे.

या सगळ्या शोधात एक वही जवळ ठेवा. बरणीतल्या थरांची मापं, गवंड्याचं नाव, कोणत्या खाणीचा चिरा टिकला, कोणती वीट भिजून विरघळली, कुठे चूक झाली, सगळं लिहा. आज अशी माहिती दारोदार फिरून गोळा करावी लागते, कारण आधी बांधणाऱ्यांनी ती लिहून ठेवली नाही. घर उभं राहिल्यावर पहिल्या पावसाळ्यात, भर जुलैत, एक दिवस दार उघडं ठेवा. जागा घेतलेल्या, बांधायला निघालेल्या माणसांना बोलवा. त्यांना भिंतीला हात लावू द्या, जिथे गळतं तेही दाखवा आणि वही पुढे करा. त्यांच्या पंचक्रोशीत मग शोधायला एक घर वाढलेलं असेल.